फुल चार्ज दाखवतोय, मग दोन मिनिटांत बंद का पडतो?

यूपीएसबद्दल मला जे प्रश्न येतात ना, त्यातले निम्म्याहून जास्त एकाच साच्यातले असतात. "अरे चार्जिंग तर फुल दाखवतोय, हिरवा दिवा आहे, पण लाइट गेली की दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही, चार्जर गेलाय का?" आणि बहुतेक वेळा चार्जर ठणठणीत असतो, बॅटरी गेलेली असते. गंमत म्हणजे गेलेली बॅटरी चांगल्या बॅटरीपेक्षा लवकर फुल होते. म्हणजे ज्या दिव्याकडे बघून आपण निश्चिंत असतो तोच दिवा बॅटरी मरत आल्यावर जास्त पटकन हिरवा होतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा आपोआप होतो.

कारण सांगतो. चार्जरला बॅटरीच्या आतलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त दोन गोष्टी कळतात, व्होल्टेज किती चढलं आणि करंट किती जातोय. व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला पोचलं आणि करंट कमी झाला की तो म्हणतो झालं, भरली. आता समजा पाण्याच्या टाकीत निम्म्यापर्यंत गाळ साचलाय, तर टाकी काठोकाठ भरलेलीच दिसणार आणि नेहमीपेक्षा लवकर भरणार, फक्त नळ सोडला की निम्म्यात संपणार. जुन्या बॅटरीचं अगदी हेच होतं. शंभर टक्के हा आकडा खोटा नसतो, तो फक्त "उरलेल्या जागेच्या शंभर टक्के" असतो, आणि उरलेली जागा किती हे छोटे यूपीएस दाखवतच नाहीत.

लहान यूपीएसमध्ये जी बॅटरी असते ती बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) सीलबंद लेड ॲसिड, म्हणजे शिसं आणि ॲसिडवर चालणारी. आत २ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक. मूळ शोध फ्रान्सच्या गास्तों प्लांतेचा, १८५९ सालचा, आणि रसायन अजून तेच आहे. वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्ज केलं की ते परत मोडतं. हे सल्फेट ताजं असताना सहज मोडतं, पण बॅटरी अर्धवट किंवा पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की त्याचे खडे मोठे आणि कडक होत जातात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत, तेवढी प्लेट कायमची बाद. यालाच सगळे सल्फेशन झालं म्हणतात.

पण सल्फेशन हा एकच शत्रू नाही, आणि यूपीएसच्या बाबतीत तर माझ्या मते तो मुख्यही नाही. यूपीएसची बॅटरी वर्षातला बहुतेक वेळ नुसती चार्जिंगला लागून बसलेली असते, तिला काम फार कमी, आणि ती या बसण्यानेच म्हातारी होते. फुल झाल्यावरही चार्जर तिला १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो, याला फ्लोट म्हणतात. या अवस्थेत पॉझिटिव्ह प्लेटची जाळी हळूहळू गंजत राहते, गंजताना फुगते, आणि थोडं थोडं पाणी ऑक्सिजन-हायड्रोजन होऊन जातं. सीलबंद बॅटरीत त्यातला बराचसा वायू आतल्या आत परत पाणी होतो म्हणून तर तिला पाणी घालावं लागत नाही, पण सगळाच होत नाही, उरलेला व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि वर्षानुवर्षं असं होत बॅटरी आतून कोरडी पडते. म्हणजे तुमच्याकडे लाइट कधीच जात नसेल तरीही बॅटरी मरणारच. "अहो वापरलीच नाही तरी कशी गेली" याचं उत्तर हे आहे.

आणि या सगळ्याला वेग देतं ते तापमान. बॅटरीवर किंवा तिच्या माहितीपत्रकावर जे ३ ते ५ वर्षं आयुष्य लिहिलेलं असतं ते २० ते २५ अंशाला. त्याच्या वर प्रत्येक १० अंशाला आयुष्य साधारण निम्मं होतं असा जो नियम सांगतात तो प्रत्यक्षातही बऱ्यापैकी खरा ठरतो. म्हणजे २५ अंशाला ५ वर्षं चालणारी बॅटरी ३५ ला अडीच वर्षांवर येते, आणि यूपीएसच्या बंद डब्यात ट्रान्सफॉर्मरला चिकटून बसलेल्या बॅटरीचं तापमान खोलीपेक्षा चांगलंच जास्त असतं हे लक्षात घ्या. त्यात आपण तो डबा कुठे ठेवतो, तर टेबलाखाली कोपऱ्यात, सीपीयूच्या गरम हवेच्या तोंडाशी, वर कागदांचा गठ्ठा. मला विचाराल तर कुठल्या कंपनीची बॅटरी घ्यायची यावर तासभर डोकं खाण्यापेक्षा यूपीएस भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, जास्त फायदा होईल.

तापमानाचा चार्जिंगशी पण संबंध आहे. बॅटरी गरम असेल तर तिला फ्लोट व्होल्टेज कमी लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशामागे साधारण १८-२० मिलिव्होल्ट. ४० अंशाला म्हणजे पाव व्होल्टपेक्षा थोडं जास्त कमी करायला हवं. मोठ्या यूपीएसमध्ये त्यासाठी सेन्सर असतो, छोट्यात सहसा नसतो, तो आपला थंडीत आणि कडक उन्हाळ्यात एकच व्होल्टेज देत राहतो. गरम बॅटरीला जास्त व्होल्टेज मिळालं की ती जास्त करंट ओढते, जास्त करंटने आणखी गरम होते, असं चक्र सुरू होतं आणि शेवटी बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी काढायला गेलात तर ती डब्यातून सरकतच नाही, बाजू पोट सुटल्यासारख्या बाहेर आलेल्या असतात आणि पत्र्यात घट्ट अडकलेली असते. तेव्हा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका प्लीज, आत ॲसिड आहे आणि दोन टर्मिनलवर स्क्रूड्रायव्हर आडवा पडला तर जी ठिणगी उडते ती साधी नसते. डब्याचे स्क्रू काढून पत्राच बाजूला करा, वेळ लागेल पण बॅटरी सहीसलामत बाहेर येईल.

आता मुख्य मुद्दा, बॅटरी गेली की चार्जर गेला हे घरी ओळखायचं कसं. एक साधा मल्टिमीटर पाहिजे आणि गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब पाहिजे, बास.

सुरू करण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येक वेळी बजावून सांगतो. बऱ्याच छोट्या यूपीएसमध्ये बॅटरीची वायर मेनपासून, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून, वेगळी केलेली नसते. म्हणजे १२ व्होल्टच तर आहे म्हणून प्लग लावलेला असताना टर्मिनलला हात लावाल तर मेनचा शॉक बसू शकतो. म्हणून प्लग काढा, यूपीएस बटणाने बंद करा, मग उघडा.

बॅटरी बाहेर काढून काही तास तशीच ठेवा आणि मग व्होल्टेज बघा. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजलंत तर आकडा उगाच चढलेला दिसतो. तास-दोन तासांनी, रात्रभर ठेवली तर उत्तमच, चांगली भरलेली सीलबंद बॅटरी १२.७ ते १२.९ दाखवते. १२.३ च्या आसपास म्हणजे निम्मी. रात्रभर चार्जिंगला असूनही १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर एक अख्खा सेल गेलेला आहे, सहातला एक वजा केला की २ व्होल्ट कमी, हिशोब सरळ आहे आणि इथे पुढे काही करायची गरजच नाही, नवीन आणा.

पण १२.८ दिसले म्हणून खूश होऊ नका, कारण नुसतं व्होल्टेज म्हणजे परत तो हिरवा दिवाच. आता बल्ब जोडा. हा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब प्रचंड तापतो, तो लाकडावर किंवा कपड्यावर ठेवू नका, फरशीवर ठेवा. चांगल्या ७ एएच बॅटरीवर जोडल्या जोडल्या व्होल्टेज थोडं खाली येतं आणि १२ च्या वर कुठेतरी स्थिर बसतं, मग सावकाश उतरत जातं, आणि १०.५ ला यायला नव्या बॅटरीला साधारण तासभर लागतो. गेलेली बॅटरी असेल तर मीटरवर आकडे बघता बघता पळायला लागतात, ११.६, ११.२, १०.९, आणि काही मिनिटांत बल्ब पिवळट पडतो. एखादा सेल कच्चा असेल तर वेगळंच दिसतं, बराच वेळ सगळं नीट चालतं आणि अचानक एकदम दीड-दोन व्होल्टची खाली उडी. १०.५ ला आलं की बल्ब काढा, त्याच्या खाली ओढू नका, आणि लगेच चार्जिंगला लावा, उद्या लावू म्हणून ठेवू नका. मिळालेला वेळ नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर ती बॅटरी यूपीएसच्या कामाची राहिलेली नाही. बॅटरीच्या जगात क्षमता ८० टक्क्यांवर आली की आयुष्य संपलं असं धरतात, घरात आपण त्याच्या खाली पण ओढतो ते ठीक आहे, पण ८० नंतरची उतरण फार वेगाने होते.

बॅटरी बल्बवर पास झाली तर मग चार्जरकडे बघायचं. प्लग काढलेला असतानाच मीटरचे क्लिप टर्मिनलला लावून ठेवा, मग प्लग लावा, हात लांब, आणि एक दिवस पूर्ण चार्ज झाल्यावर आकडा वाचा. १३.५ ते १३.८ मध्ये असेल तर चार्जरला दोष देऊ नका. कायम १४.३-१४.४ दिसत असेल तर तो चार्जर बॅटरी उकळवतोय, आणि अशा यूपीएसमध्ये दर काही महिन्यांनी नवी बॅटरी फुगते आणि माणूस बॅटरीवाल्याला शिव्या घालत बसतो. उलट १३ च्या आसपासच राहिला तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि सल्फेशनने जाते. बॅटरीच्या अंगावरच बारीक अक्षरात दोन ओळी छापलेल्या असतात, स्टँडबाय यूझ १३.५ ते १३.८ आणि सायकल यूझ साधारण १४.४ ते १५. हे १४.४ रोज उतरवून रोज भरायच्या वापरासाठी आहे, कायम लावून ठेवायला नाही, यूपीएससाठी पहिली ओळ बघायची.

२४ व्होल्टच्या यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या असतात, तिथे एक लबाडी होते. चार्जर फक्त बेरीज बघतो. बेरीज २७.३, म्हणजे त्याच्या मते सगळं आलबेल. प्रत्यक्षात मात्र एक बॅटरी १४.३ वर आणि दुसरी १३.० वर असू शकते, एक जळतेय आणि दुसरी उपाशी. म्हणून प्रत्येकीचं वेगळं मोजा. आणि एक गेली म्हणून एकच बदलायची काटकसर करू नका, नवी-जुनी एकत्र लावली की जुनी नवीला पण घेऊन जाते. दोन्ही बदला, शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या.

अजून एक तक्रार म्हणजे चार्जिंग होतच नाही, यूपीएस चालूच होत नाही. हे बहुतेकदा पूर्ण उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिल्यामुळे होतं. सुट्टीला जाताना भिंतीवरचं बटण बंद केलं आणि यूपीएस मात्र चालूच राहिला, तो बिचारा बोंबलत बोंबलत बॅटरी संपवून गप्प झाला, आणि परत आल्यावर बॅटरीवर ४-५ व्होल्ट. कित्येक चार्जर इतक्या कमी व्होल्टेजला बॅटरी आहे असं मानतच नाहीत. बाहेरून करंट मर्यादित ठेवता येणाऱ्या पॉवर सप्लायने १४.४ व्होल्ट देऊन बघता येतं, सुरुवातीला बॅटरी जवळजवळ काहीच करंट घेत नाही, मीटर शून्यावर, मग काही तासांनी हळूहळू घ्यायला लागते. कधी जमतं कधी नाही. जमलं तरी आधीची क्षमता परत येत नाही, आणि हे करताना समोर बसून राहायचं, बॅटरी गरम लागली की बंद. मला तरी हा खटाटोप प्रयोग म्हणूनच आवडतो, जिच्यावर काम अवलंबून आहे अशा बॅटरीसाठी नाही.

वेळेचा पण एक गैरसमज आहे. छोट्या यूपीएसचा चार्जर एक अँपिअरच्या आतबाहेरचा असतो आणि शेवटचा भाग बॅटरी फार सावकाश घेते, त्यामुळे पूर्ण उतरलेली बॅटरी परत भरायला आठ-दहा तास धरा. दिवसातून तीन-चारदा लाइट जात असेल आणि वर रात्री कोणी विजेची बचत म्हणून भिंतीवरचं बटण बंद करत असेल तर ती बॅटरी आयुष्यात कधी पूर्ण भरतच नाही. बटण चालूच राहू द्या. ओव्हरचार्ज होईल ही भीती चार्जर नीट असेल तर उगाच आहे.

"महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून भरावी म्हणजे बॅटरी ताजी राहते" हा सल्ला कुठून येतो ते मला माहितीये, तो जुन्या निकेल कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लेड ॲसिडला तो लागू नाही, उलट नुकसान. पूर्ण उतरवून भरलं तर अशी बॅटरी साधारण दोनशे-अडीचशे वेळाच चालते, ३० टक्केच उतरवली तर हजाराच्या वर. तीन-चार महिन्यांतून एकदा प्लग काढून पाच मिनिटं चालवून बघा, तेवढं पुरे, आणि ते पण महत्त्वाचं काम उघडं नसताना.

बॅकअप किती मिळणार याचा हिशोब पण लोक शाळेतल्या गणितासारखा करतात. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास, लोड, म्हणजे यूपीएसवर चालणाऱ्या वस्तूंची ओढ, २०० वॅट, म्हणजे पंचवीस मिनिटं. मिळतात आठ-दहा, ती पण नव्या बॅटरीवर. कारण ७ एएच हा आकडा २० तासांच्या संथ वापराचा आहे, म्हणजे फक्त ०.३५ अँपिअरने उतरवली तर. २०० वॅटला २० अँपिअरच्या आसपास ओढावे लागतात आणि जितकं जोरात ओढाल तितकं कमी निघतं, हे प्यूकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडून ठेवलंय. वर यूपीएसचा स्वतःचा लॉस वेगळा. तेव्हा नवा यूपीएस आठच मिनिटं चालला म्हणून फसवलं असं समजू नका, आधी लोड बघा. लेसर प्रिंटर त्यावर लावला असेल तर मग बोलायलाच नको.

बदलताना काय बघायचं, तर आधी बनल्याची तारीख. दुकानात नुसती पडून असलेली बॅटरी पण महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास उतरते, गरम गोदामात आणखी वेगाने, आणि वर्षभर न चार्ज करता पडलेली "नवी" बॅटरी नवी नसते. वजन पण बघा, खरी ७ एएच साधारण दोन ते अडीच किलो भरते, हातात घेतल्यावर खेळण्यासारखी हलकी लागली तर आत शिसंच कमी आहे. त्याच मापात ९ एएच पण मिळते, ती बेलाशक लावा. टर्मिनलची पट्टी ४.८ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर अशा दोन रुंदीत येते, चुकीची आणली तर कनेक्टर ढिला बसतो आणि वीस अँपिअर ढिल्या जोडातून गेले की तो जोड तापून काळा पडतो. गाडीची मोठी बॅटरी जोडायची आयडिया मात्र सोडा, छोट्या यूपीएसचा चार्जर तिला भरता भरता थकतो, आतले पार्ट काही मिनिटंच चालायच्या हिशोबाने बनवलेले असतात, तासभर चालले तर तापतात, आणि ती बॅटरी सीलबंद नसेल तर चार्जिंगला हायड्रोजन बाहेर पडतो तो खोलीत.

पाणी घालायच्या मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांचं थोडं वेगळं आहे, तिथे निदान आत डोकावता येतं. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते बघा, एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३ हून जास्त मागे असेल तर तोच सगळ्यांना मागे ओढतोय. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठापर्यंत भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढं घाला.

लिथियम लावू का असं पण हल्ली सारखं विचारतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १२.८ व्होल्टच्या बॅटऱ्या मिळतात, वजनाला हलक्या, उष्णता बऱ्यापैकी सोसतात आणि दोन-चार हजार सायकल (उतरवून भरायच्या फेऱ्या) हे त्यांच्यासाठी नेहमीचं. नव्याने घ्यायचा असेल तर मूळ लिथियमचाच यूपीएस घ्या. जुन्या यूपीएसमध्ये शिशाच्या जागी टाकायची असेल तर आतल्या बीएमएसला (बॅटरीला सांभाळणाऱ्या सर्किटला) यूपीएसचा पूर्ण लोड झेपतो का ते आधी बघा, नाहीतर लाइट गेल्याच्या क्षणी तोच कट मारतो आणि सगळं बंद. शिवाय तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं पडतं, त्यामुळे व्होल्टेज बघून अंदाज करणारा जुना यूपीएस "अजून भरपूर आहे" दाखवत असतानाच बंद पडतो.

जुनी काढलेली बॅटरी टाकताना टर्मिनलवर चिकटपट्टी लावा, मेलेल्या बॅटरीत पण वायर लाल करण्याइतका दम शिल्लक असतो. कचऱ्यात टाकू नका, नवी घेताना दुकानदार परत घेतो, त्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरलं जातं.